वैशे, हे तुलाच लिहितेय

प्रिय वैशे,

आधी काय शिव्या घालायच्यात त्या घालून घे. तुझे व्हॉइस नोट साठलेत, एखादा अर्धा ऐकला की इरा उठते आणि मग राहूनच जातं, आणि दोन ओळी टाइप केल्या की तू "सरकारी उत्तर" म्हणतेस म्हणून तेही केलं नाही. तब्येत बरी आहे, टाके भरले, केस मूठमूठ गळतायत, निखिलची पाठ तशीच. इराला पाचवा महिना लागलाय, कुशीवर वळते, स्वतःच्या पायाचा अंगठा सापडलाय तिला. झालं. आता मुद्द्याचं. हे मी दुसऱ्या कुणाला लिहू शकत नाही, निखिललासुद्धा अर्धंच सांगितलंय.

आम्ही डिस्नीलँडला जाऊन आलो. हो, एवढ्या तान्ह्या पोरीला घेऊन. हस. मंदारदादा दोन्ही पोरांना घेऊन फीनिक्सहून येणार होता, म्हणाला आत्या पुन्हा कधी येणार अमेरिकेत, तिला दाखवून टाकू, आणि तीन वर्षांखालच्यांना तिकीटच नाही, जशी काही इराच पाकीट काढणार होती. सासूबाई होत्या तेव्हा मी कुठ्ठंच गेले नव्हते, जूनअखेरीस आई आल्यावर जरा मोकळी झाले, त्यामुळे मलाही हौस आली. फ्रीमाँटहून अनाहाइम म्हणजे एरवी सहा तास, आम्हाला दिवस गेला. दर दीड तासाला थांबायचं, पाजायचं, ढेकर काढायची, बदलायचं, परत बांधायचं. वाटेत कोअलिंगाजवळ हायवेच्या कडेला गुरांचा मोठा तळ आहे, मैलभर आधीपासून वास येतो, निखिल काचा वर करायला लागला तर आई म्हणाली, "राहू दे रे, अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा ओळखीचा वास आलाय."

ही आई लक्षात ठेव. डोकं ताळ्यावर, जीभ तिखट, तुझ्या बाई.

गेटवरच तमाशा. मंदारदादानं पोरांसाठी ती चार चाकांची कापडी वॅगन आणली होती, तसली गाडी तिथे चालतच नाही, साधी बाबागाडी चालते आणि तीसुद्धा ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब याच्या आत. गडी सगळं सामान उतरवून परत पार्किंगला. तोवर तिथल्या एका बाईनं इराच्या कपाळाकडे बघून अगदी काळजीनं विचारलं, बाळाला लागलंय का? तीट गं! आईनं सकाळी रुपयाएवढं लावलं होतं. मी इंग्रजीत दृष्ट समजावून सांगायला लागले आणि मधेच सोडून दिलं, म्हणलं हो, लागलंय, बरं होईल.

पण खरं सांगते, तान्ह्या बाळाचं तिथे फार वाईट होत नाही, लोक उगाच घाबरवतात. ऊन मात्र कडक, सप्टेंबरात तिकडे चांगलंच तापतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टर सनस्क्रीन शक्यतो नको म्हणतात, पाणीही नको म्हणतात, म्हणजे टोपी, सावली आणि दूध, एवढंच हत्यार. त्यावरून आई आणि मी सकाळपासून भांडत होतो. "घसा सुकलाय पोरीचा, चमचाभर पाज, तुला मी पाजलं नाही का, मेलीस का?" मी म्हणलं नाही मेले, पण तू मला गुटीत काय काय उगाळून घातलंस ते अजून कळलेलं नाही. मेन स्ट्रीटच्या टोकाला, राजवाड्याच्या अलीकडे, बाळांसाठी वेगळी जागा आहे, बसून पाजायला खोली, बदलायला टेबलं, भरवायला उंच खुर्च्या, आत गारवा आणि शांतता. आई सगळं फिरून बघून आली आणि म्हणाली, "म्हणजे आपला हिरकणी कक्षच, फक्त कुलूप नाही." सांगली स्टँडवर चावी कुणाकडे असते हे ती आणि तू मिळून शोधत होतात ना, चिन्मयच्या वेळी?

मग बाहुल्यांच्या होडीत बसलो, इट्स अ स्मॉल वर्ल्ड. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जत्रेसाठी केलेली, १९६६ पासून इथे आहे. उंचीची अट नाही, बाळ मांडीवर घेऊन बसायचं, होडी हळूहळू जाते आणि देशोदेशीच्या बाहुल्या एकच गाणं पुन्हा पुन्हा म्हणतात. मोठी माणसं कंटाळतात, पण इरा! तोंड उघडं, डोळे एवढे मोठे, पापणी हलेना, लाळेनं माझी बाही भिजली. आई तिच्या कानात "बघ बघ" म्हणत होती. मला काय आठवत होतं सांगू? नववीची एस्सेलवर्ल्डची सहल. गोराईच्या धक्क्यावर आई उभी, हातात हजेरीपट, पण न बघता, नंबरानं हाका मारत साठ पोरी मोजून होडीत चढवल्या आणि संध्याकाळी तेवढ्याच उतरवल्या. तू होडीत ओकलीस आणि नाव माझ्यावर घातलंस. आणि आत गेल्यावर मला रांगेत सोडून साधनाबरोबर पळालीस, ते मी विसरलेली नाही, तू कितीही म्हण की बाईंनीच गट पाडले होते.

तर.

होडीतनं उतरलो आणि मंदारदादाच्या पोरांना मॅटरहॉर्न हवं होतं. १९५९ सालची राइड आहे, खोटा बर्फाळ डोंगर आणि त्यातनं घसरत जाणाऱ्या गाड्या, आत एक हिममानव अंगावर ओरडतो. ४२ इंच उंची लागते. धाकटा ४१ भरला आणि त्यानं जो गळा काढला, त्याला घेऊन वहिनी आइस्क्रीम शोधायला गेली. लहान बाळवाल्यांसाठी तिथे सोय असते, एकानं बाळापाशी थांबायचं, दुसरा जाऊन आला की पहिल्याला परत सगळी रांग लावायला लागत नाही, रायडर स्विच म्हणतात. आम्ही तेच करणार होतो. आई म्हणाली, आळीपाळीनं कशाला, जा दोघं, मी आहे ना. झाडाखालचा बाक बघून दिला, बाबागाड्या लावायची जागा समोरच, दुधाची बाटली गारव्याच्या पिशवीत, भूक लागली तर दे म्हणून सांगितलं. मी किंचाळले गं राइडमध्ये, कॉलेजनंतर पहिल्यांदा, पोट धरून हसले.

बाहेर आलो तर बाकावर आई नाही.

फोन लागेना. निखिल एकीकडे, मी एकीकडे. सापडली ती स्मॉल वर्ल्डच्या त्या मोठ्या घड्याळासमोर, इरा खांद्यावर, गाडी नाही, पर्स गळ्यात. मला बघून म्हणाली, "किती वेळ! इथेच थांब म्हणालीस ना घड्याळापाशी?" मी म्हणलं आई, बाक. "कुठला बाक?" आणि गाडी? "गाडी कुणीतरी नेली." मग लगेच, "हिला भूक लागलीय मने, काढ दूध." मने म्हणाली ती इराला, मला नाही. मी पिशवी उघडली तर बाटली रिकामी. म्हणजे आत्ताच रिकामी झालेली, निपलच्या टोकाला थेंब, झाकण नीट फिरवून लावलेलं जसं ती लावते, अर्ध्यावर आणून परत मागे. मी विचारलं, पाजलंस ना? म्हणाली, "नाही, तुझीच वाट बघतेय." मी काही बोलले नाही, अंगावर घेतलं, आणि इरानं दोन मिनिटांत सगळं माझ्या अंगावर काढलं. पोट गच्च भरलेलं होतं तिचं.

आता तू म्हणशील, आणि मीही स्वतःला हेच म्हणत्येय, की तिथे गर्दी, ऊन, इंग्रजी, गोंगाट, तिचा डावा कान तसाही कमीच. आणि गाडी खरंच हललेली होती! तिथली माणसं बाबागाड्या ओळीत लावायला इकडच्या तिकडे सरकवतात, आमची वीसेक पावलांवर सापडली, वर कुणाची तरी पिशवी ठेवलेली. म्हणजे ती गाडी शोधायला उठली असेल आणि मग बाक हरवला असेल, कुणाचाही हरवेल. नातीला लेकीच्या नावानं हाक तर सगळ्याच आज्या मारतात, माझी आजी मला गायीच्या नावानं हाक मारायची. सगळ्याला उत्तर आहे. बाटलीला नाही.

आणि मग मागचं सगळं आठवायला लागतं ना. सुधामावशीच्या मोतीबिंदूचं तिनं मला एकाच फोनवर दोनदा सांगितलं होतं. परवा कुकर बिनपाण्याचा लावला. इराचे व्हिटॅमिन डीचे थेंब सकाळी तिच्याकडे असतात, दिवसाला एकदाच द्यायचे, आता मी चोरून बाटलीवर पेनानं रेघ मारत्येय. काय दिवस आलाय बघ. दुसऱ्या दिवशी हॉटेलात मुद्दाम आपल्या दहावीच्या वर्गाचा विषय काढला तर बाईंनी अख्खा पट म्हणून दाखवला, गैरहजर कोण असायचं त्यासकट, तुझ्या नावाला थांबून म्हणाली, "वैशाली गणितात कच्ची, पण मनानं चांगली." वीस वर्षांनी शेरा मारला तुला. मी हसले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले, कारण तूच सांगितलं होतंस ना, तुझ्या अण्णांना जुनं सगळं पाठ होतं, सकाळचा नाश्ताच तेवढा आठवायचा नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला माझी रजा संपते. आई डिसेंबरपर्यंत आहे, सगळं त्याच भरवशावर ठरलंय, ती दिवसभर इराजवळ, निखिल आठवड्यातनं दोन दिवस घरून. डेकेअरला एवढ्या तान्ह्या बाळाला जानेवारीच्या आधी जागा नाही, आणि पैसे ऐकशील तर गप होशील, घराच्या हप्त्याच्या बरोबरीचे आहेत. पण पैशाचं सोड. मी आईला काय सांगू? की मी बाई ठेवत्येय? कशासाठी म्हणून विचारलं तर? जिनं साठ पोरी समुद्रावरनं आणल्या तिला म्हणू का की एक तुझ्यापाशी ठेवायला भीती वाटते? ती त्याच दिवशी बॅग भरेल, माहितीये तुला.

दादाला फोन केला होता. त्याचं नेहमीचं, "वय झालं मनू, तू उगाच गूगल करत बसू नकोस." पुण्यात असते तेव्हा तिच्याशी दहा मिनिटं बोलतो तरी का तो? निखिलला एवढंच सांगितलं की बाक विसरली. तो म्हणाला, पुढच्या वेळी फोनचं लोकेशन चालू ठेवू. इंजिनिअरला सगळ्यावर अ‍ॅप असतं. बाटलीचं सांगितलं तर तो माझ्यापेक्षा शांतपणे बरोबर निर्णय घेईल आणि तेच मला नकोय.

तू मागे म्हणाली होतीस की आधी बी-१२ आणि थायरॉईड बघून घ्यायचं, शाकाहारी माणसात बी-१२ कमी असलं तरी असं विसरायला होतं आणि ते औषधानं सुधारतं. तेवढ्यावर मी आत्ता लटकून आहे. पण तिचा व्हिजिटरचा विमा अशा तपासण्यांना उपयोगाचा नाही, पदरचे घालून करायला माझी ना नाही, पण तिला नेणार काय सांगून? आणि अण्णांनी काढलेलं ते घड्याळ तू मला दाखवलं होतंस ना, डॉक्टरांनी काढायला लावलेलं, बाराही आकडे एकाच बाजूला कोंबलेले. काल इराच्या वहीत मी आईला म्हणणार होते, काढ बघू घड्याळ, अकरा वाजून दहा मिनिटं. पेनही हातात दिलं. मग म्हणलं, किराण्याची यादी लिही. सुंदर लिहिली, मास्तरीण अक्षर, रवा दोनदा होता. एकदा बारीक, एकदा नुसताच. आता हे विसरणं की दोन प्रकारचा रवा हवा होता, मला विचारवलं नाही.

तुझं सांग. बदलीचं काय झालं, जत की मिरजच? चिन्मयला सायन्सच घ्यायला लावणार आहात का, घेऊ दे त्याला हवं ते, तुला तरी कुठे गणित आलं. सासरच्या जागेची तारीख पुढे गेली असेलच. वहिनींच्या हातची चटणी आईनं आणली ती संपली, हे सूचक आहे असं समज.

रविवारी तुझ्या अकराच्या सुमाराला फोन करत्येय, इकडे रात्र असेल, आई झोपलेली असेल. त्याआधी व्हॉइस नोट पाठवू नकोस, माझा फोन दिवसभर तिच्याकडे असतो, इराला गाणी लावायला. आणि अण्णांच्या बाबतीत तुला सगळ्यात आधी काय खटकलं होतं, आणि तू त्यांना स्वतःला कधी सांगितलंस, ते आठवून ठेव. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. अण्णांना जे डॉक्टर बघायचे ते फोनवर बोलतात का तेवढं विचारून ठेवशील?

तुझी,
मनी