झुणक्याचा पाव आणि बाबांचं पथ्य

शहापूर, बेळगाव

ती. आई-बाबांना सा. न.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, मैद्याची खळ करून पोस्टरं चिकटवतात, ती पोटात कशाला घालायची. बाबांची तक्रार निराळी. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून जेवणात राम राहिला नाही म्हणे. दोघांचं ऐकून घेऊन मी सध्या स्वयंपाकघरात भरलेल्या पावांचे उद्योग मांडलेत.

सगळ्यात जमलाय तो झुणक्याचा पाव. तुझ्या धाकानं मैदा निम्म्याखाली आणलाय. 150 ग्रॅम कणीक, 100 ग्रॅम मैदा, चहाचा एक चमचा यीस्ट, मीठ आणि थोडं तेल. पाणी कोमट, साधारण 165 मिली. मनगटावर थेंब टाकायचा, चटका बसला तर पाणी निवू द्यायचं, कारण कढत पाण्यात यीस्ट मरतं आणि मग पीठ रात्रभर ठेवलं तरी हलत नाही. हे पीठ चपातीच्या कणकेपेक्षा सैल असतं, सुरुवातीला हाताला चिकटतं. तू असतीस तर लगेच पिठाची मूठ टाकली असतीस. नाही टाकायची. दहा मिनिटं मळत राहिलं की आपोआप सुटतं. उन्हाळ्यात तासाभरात दुप्पट होतं. आता या झडीत आणि गारठ्यात त्याला दोन तासही पुरत नाहीत, म्हणून भांडं बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या पातेल्याशेजारी ठेवते.

झुणका मात्र अगदी कोरडा हवा, कढईत मोकळा फुटणारा, आणि पूर्ण गार. गरम सारणाची वाफ धरते, आतलं पीठ ओलं राहतं आणि पाव भाजला तरी पोटात कच्चा लागतो. गोळा थापताना मधे जाड ठेवायचा, कडा पातळ. कडा गोळा झाल्या की बुडाशी थर आपोआप जाड होतो. काठाला सारणाचं तेलकट बोट लागलं तर तोंड मिटत नाही. पुरणाच्या उंड्यासारखं चिमटून चिमटा खाली घालायचा. परत अर्धा-पाऊण तास फुगू द्यायचा, मग 200 अंशांवर वीसेक मिनिटं. वरून लसणाचं तेल फिरवलं की तुमचा नातू ओव्हनपुढून उठत नाही.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. गोव्यात पूर्वी पाव फुगवायला माडाची सूर, म्हणजे ताडी, घालत. चोर्ल्याच्या घाटातून कुणी आलं की आमच्याकडे गोव्याची पोई येते, वर कोंडा लावलेली, आतून पोकळ. तिला भरायचा खटाटोप नाही, कापली की खिसा तयार. मी त्यात वांग्याची परतलेली भाजी कोंबते. गोवेकर नाक मुरडतील, मुरडू देत.

आता तुमच्या ताटातलं. भरलेली जोंधळ्याची भाकरी. जोंधळ्यात गव्हासारखा ताण नसतो, म्हणून पोळीसारखा उंडा भरायला गेलं की पीठ तडकतं. उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढायची आणि गरम असतानाच मळायची. दोन पातळ चकत्या थापायच्या, एकीवर कारळाची चटणी आणि बारीक चिरलेली मेथी, दुसरी वर ठेवून काठ ओल्या बोटानं दाबायचे. मंद तव्यावर भाजायची, विस्तवावर फुगवायच्या भानगडीत पडायचं नाही. तेल जवळजवळ नाहीच. पण बाबा, जोंधळा आहे म्हणून साखर वाढत नाही, असं वखारीतले तुमचे दोस्त सांगतील ते ऐकू नका. एक भाकरी, सोबत भाजी आणि ताक. आई, भाकऱ्यांचा डबा बाबांच्या हाताशी ठेवू नकोस.

शेंगापोळी मी लिहूनच काढत नाही, तुम्हाला उगाच त्रास. शेजारच्या कन्नड अक्का करतात, दाणे भाजून जाडसर कुटतात, फार वाटले तर तेल सुटतं म्हणतात. त्यांच्या हातच्या पोळीतून गूळ कधी बाहेर येत नाही. आणि आमच्या बेळगावच्या मांड्यापुढे तर हे सगळे पाव म्हणजे पोरखेळ. हातावर उलटसुलट टाकत धोतराएवढा पातळ करायचा, उपड्या खापरावर टाकायचा आणि पिठीसाखर-तूप पसरून घड्या घालायच्या. ते घरी करायचं धाडस माझ्यात नाही, लग्नातच खावं.

रविवारी भाऊजी निपाणीला येणार आहेत, त्यांच्याबरोबर झुणक्याचे पाव आणि भाकऱ्या देते. पाव मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, चिवट होतात. तव्यावर झाकण घालून, बाजूला पाण्याचा शिपका मारून दोन मिनिटं. आई, परत येताना त्यांच्याकडे घरचे कारळ दे, आणि यंदाच्या शेंगा निघाल्या असल्या तर त्याही. इथल्या दुकानातले दाणे खवट निघतात.

बाबा, उपाशीपोटीचा आणि जेवणानंतरचा, दोन्ही आकडे लिहून कळवा. "बरी आहे" असं उत्तर चालणार नाही.

तुमची लेक