स्ट्रिंग क्लास उघडण्याआधी थांबवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. तुम्ही जे समजावून दिलंत ते रूबी या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

आमच्या प्रोजेक्टमध्ये मजकुरावर काम करणारी बारीकसारीक फंक्शन्स जागोजागी विखुरलेली होती. कुठे जादा स्पेस काढणारं, कुठे लांब शीर्षक आखूड करून पुढे तीन टिंबं लावणारं. ती सगळी स्ट्रिंग क्लासमध्येच, म्हणजे मजकूर साठवणाऱ्या रूबीच्या अंगभूत प्रकारातच टाकायची, असं ठरत आलं होतं. रूबी आडकाठी करत नाही: ‘क्लास स्ट्रिंग’ लिहायचं, आत ‘डेफ’ लिहायचा, की प्रोग्रॅममधल्या प्रत्येक स्ट्रिंगला ती मेथड, म्हणजे तिचं स्वतःचं फंक्शन, मिळते. पायथॉनच्या अंगभूत स्ट्रिंगला असं काही जोडू गेलं तर टाइप एरर येते, जावात तर तो क्लासच फायनल, म्हणजे वाढवता न येणारा आहे. रूबीची ही मोकळीक तुम्हालाही आवडते, हे तुम्ही आधीच सांगून टाकलंत. मग विचारलंत, ‘प्रत्येक स्ट्रिंग म्हणजे कुणाकुणाची?’

उत्तर होतं, सगळ्या जेम्सचीही, म्हणजे आम्ही वापरत असलेल्या रूबीच्या तयार लायब्रऱ्यांचीही. आखूड करणाऱ्या मेथडला आम्ही ‘ट्रंकेट’ नाव देणार होतो आणि अ‍ॅक्टिव्ह सपोर्ट या जेमने स्ट्रिंगमध्ये त्याच नावाची मेथड आधीच घातलेली आहे. रूबीत एकाच नावाच्या दोन मेथड झाल्या की नंतर लोड झालेली राहते आणि आधीची पुसली जाते. इशारा हवा असेल तर वॉर्निंग चालू करून प्रोग्रॅम चालवावा लागतो. जावास्क्रिप्टचं उदाहरण तुम्हीच दिलंत. तिथे भाषेच्या स्ट्रिंगमध्ये ‘कन्टेन्स’ नावाची मेथड यायची होती, पण मूटूल्स लायब्ररीने त्याच नावाची आपली मेथड स्ट्रिंगवर आधीच बसवली होती आणि ती वापरणाऱ्या साइट्स मोडायला लागल्या. शेवटी भाषेनेच नाव बदललं, ‘इन्क्लूड्स’ केलं. एका लायब्ररीच्या सोयीपायी सगळ्या भाषेला नाव सोडावं लागलं, हे ऐकल्यावर आमच्या टीममधला वाद संपला.

मग तुम्ही रिफाइनमेंट्स दाखवल्यात, म्हणजे क्लासमधला बदल ठरावीक फाइलपुरताच ठेवण्याची रूबीची सोय. 2013 साली रूबी 2.0 मध्ये प्रयोग म्हणून आल्या, त्याच वर्षाअखेर 2.1 मध्ये पक्क्या झाल्या, तरी आमच्यापैकी कुणी त्या वापरल्या नव्हत्या. मोड्यूलमध्ये ‘रिफाइन स्ट्रिंग’ लिहायचं आणि ज्या फाइलला गरज आहे तिच्या माथ्यावर ‘यूझिंग’. त्या ओळीपासून फाइल संपेपर्यंतच मेथड दिसते, बाहेरच्या कोडला तिचा पत्ताही नसतो. ‘यूझिंग’ नसलेल्या फाइलमधून ‘रिस्पॉन्ड टू’ने, म्हणजे ‘ही मेथड आहे का’ असं विचारणाऱ्या मेथडने, विचारलं तर अशी मेथड नाहीच असं उत्तर येतं, हेही तुम्ही तेव्हाच बजावलंत. ते माहीत नसतं तर चाचण्या लिहिताना आम्ही चक्रावलो असतो.

पण खरे आभार मानायचे आहेत ते पुढच्या भागाचे. आखूड करण्याची मेथड बघताना तुम्ही ‘पुस्तक’ हा शब्द टाइप केलात आणि लांबी विचारलीत. रूबीने 6 सांगितलं: प, उकार, स, हलन्त, त, क. पहिल्या 4 वर कापलं तर हातात उरतं ‘पुस्’. ‘किती’ पहिल्या एकावर कापला तर वेलांटी जाते, नुसता ‘क’ राहतो. रूबी 2.5 पासून स्ट्रिंगला ‘ग्राफीम क्लस्टर्स’ मेथड आहे, ती मजकुराचे डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांसारखे गट पाडते आणि मात्रेला तिच्या अक्षरापासून तोडत नाही. तेवढ्यावर आम्ही खूश झालो असतो. तुम्ही मात्र पुढे गेलात. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कोड देणाऱ्या मानकात, 2023 साली, 15.1 आवृत्तीत आला; त्याआधीच्या नियमांनी ‘पुस्तक’चे गट पु, स्, त, क असेच पडतात. म्हणून तुम्ही आणखी एक अट सुचवलीत: कापल्यावर शेवटी हलन्त उरला आणि पुढचा गट व्यंजनाने सुरू होत असेल, तर तो हलन्ताचा गटही सोडून द्यायचा. ‘सत्यम्’सारखा शब्द मुळातच हलन्तावर संपतो, त्याच्यापुढे स्पेस असते, त्याला हात लागत नाही.

इतकी छोटी मेथड, पण ती वापरणाऱ्याच्या स्क्रीनवर मोडकं अक्षर दिसू नये म्हणून तुम्ही तुमचं काम बाजूला ठेवून बसलात. हे काम तुमच्याकडे नव्हतंच, आमच्या टीमचं होतं. फार मनापासून आभार, ताई.

त्या मोड्यूलमध्ये आता शोधासाठी एक मेथड येते आहे. ‘ऱ’ एकाच कोडने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) मिळूनही. दोन्ही सारखेच दिसतात, पण तुलना केली की वेगळे ठरतात. आधी दोन्ही बाजू एनएफसी या युनिकोडच्या एकसारख्या रूपात आणून मग तुलना करायची, असं ठरवलंय. सवड मिळेल तेव्हा रिव्ह्यू कराल का?

आपला,
शेजारच्या टीममधला सहकारी