तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून

प्रिय आई, बाबा,

फोनवर सांगता आलं असतं, पण आई, फोनवर तू लगेच "जेवलीस का" वर येतेस आणि बाबा तुझ्या हातात फोन देऊन उठतात. म्हणून लिहिते आहे. माझी कादंबरी पूर्ण झाली. करारावर सही झाली, शेवटची मुद्रितंही तपासून परत पाठवली. आता त्यात काही बदलणार नाही. बाहेरच्या कुणीतरी तुम्हाला विचारण्याआधी तुम्हाला ठाऊक असायला हवं.

ती व्हँपायरची गोष्ट आहे. बाबा, कपाळाला आठी घालू नका. काळा झगा, वटवाघळं, पडका किल्ला, यातलं काही त्यात नाही. एक घर आहे. आईवडील, धाकटी मुलगी आणि गेलेला मुलगा. तो रात्री परत येतो, दाराशी उभा राहतो आणि आपले बूट मागतो.

आई, इथे जरा थांब. पाणी पी, मग पुढचं वाच.

ते बूट मी नुसते आपल्या कपाटाखालून उचललेले नाहीत. १७२५ साली सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेटर ब्लागोयेविच नावाचा माणूस वारला. पाठोपाठ आठवडाभरात गावातली नऊ माणसं गेली. जाण्याआधी ती सांगत होती की पेटर रात्री येतो आणि गळा दाबतो. तिथल्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने वर अहवाल पाठवला. युरोपात व्हँपायरचा बोलबाला सुरू झाला तो अशाच सरकारी कागदांमुळे. त्या अहवालात पेटरच्या बायकोचं म्हणणं नोंदवलंय: नवरा घरी आला होता, त्याने आपले जोडे मागितले. नंतर ती गाव सोडून गेली. बस, तिच्याबद्दल एवढंच.

हे वाचल्यावर मला त्या दिवशी दुसरं काही सुचलंच नाही. मेलेला माणूस घरी येतो आणि जोडे मागतो! म्हणजे त्याला अजून कुठेतरी जायचंय. आणि बाबा, मला तुम्ही दिसलात. पावसाळ्याआधी ते तपकिरी बूट बाहेर काढता, लेस ओढून धुता, वाळल्या की एकेका भोकातून परत ओवता, टाचेवर पॉलिशचा शेवटचा हात फिरवता आणि कुणाशी न बोलता आत ठेवता. तेव्हा बूट त्या कागदातून आले हे खरं, आणि आपल्या घरातून आले हेही खरं. यातलं एक लपवून तुमच्यासमोर उभं राहणं मला जमलं नसतं.

तुम्ही विचाराल, दादाबद्दल लिहायचंच होतं तर सरळ लिहायचं, हे भुताखेतांचं कशाला? कारण सरळ लिहायला बसले की मला फक्त तारखा आठवायच्या. या गोष्टींमध्ये मात्र मेलेली माणसं सगळ्यात आधी आपल्याच घरी येतात. परकी माणसं घाबरून पळतात, घरची माणसं दार उघडतात. मला जे म्हणायचं होतं ते इथे कुणीतरी आधीच मांडून ठेवलं होतं.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये, एक्झिटर गावी, जॉर्ज ब्राऊन नावाच्या शेतकऱ्याच्या घरात क्षय शिरला. आधी बायको गेली, मग थोरली मुलगी, मग १८९२ च्या जानेवारीत एकोणीस वर्षांची मर्सी. मुलगा एडविन अंथरुणाला खिळलेला. शेजारीपाजारी म्हणू लागले की गेलेल्यांपैकी कुणीतरी त्याला आतून खातंय, उकरून बघा. जॉर्जचा यावर विश्वास नव्हता असं म्हणतात. तरी त्याने होकार दिला. मार्चमध्ये मर्सीचा देह बाहेर काढला तेव्हा तो फारसा कुजलेला नव्हता, कारण हिवाळाभर तो थंडीत ठेवलेला होता. काळजात रक्त दिसलं. ते काळीज जाळलं, राख पाण्यात कालवून एडविनला पाजली. मे महिन्यात तोही गेला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने १८८२ सालीच शोधून काढला होता, पण त्यावर द्यायला औषध कुणाकडेच नव्हतं.

लोक हे वाचून त्या माणसाला अडाणी म्हणतात तेव्हा मला राग येतो. समोर एक मूल जिवंत असताना बाप काय नाही करणार? आई, त्या महिन्यांत तुम्ही दोघांनी कुणाकुणाचं काय काय ऐकलंत ते मी पाहिलंय. मला त्यात कधीच काही चुकीचं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

कादंबरीतली आई दार उघडते. तो कोण झालाय ते तिला कळतं, तरी ती "ये" म्हणते. ती आई तू नाहीस. ती उंच आहे, तापट आहे, तिला गाता येत नाही. पण तिने दार बंद ठेवलं असतं तर मी पुस्तक फाडून टाकलं असतं.

दादाचं नाव त्यात नाही. आजाराचं नाव नाही. शेवटचा आठवडा नाही, त्यातलं एक अक्षरही नाही. तो आपला आहे, कुणाला द्यायचा नाही. आणि पुस्तक तुम्ही वाचलंच पाहिजे असंही नाही. न वाचता कपाटात ठेवलंत तरी मला चालेल, खरंच चालेल. वाचावंसं वाटलं तर तुमच्यासाठी मोठ्या टायपात वेगळी प्रत छापून आणते, म्हणजे बाबांना भिंग धरावं लागणार नाही.

आई, तुला आठवतं? दादा पांघरुणात टॉर्च धरून मला भुताच्या गोष्टी वाचून दाखवायचा आणि ऐन मोक्याला टॉर्च विझवायचा. मी किंचाळले की तू यायचीस, त्याला रागवायचीस आणि मग दाराजवळच बसून राहायचीस, मला झोप लागेपर्यंत. भीती वाटली तरी घरात कुणीतरी जागं आहे, हे मला तेव्हापासून माहीत आहे. पुस्तक त्याच्याच नावे अर्पण करायचं होतं, पण नाव घालायचं नाही असं ठरवलं होतं. म्हणून फक्त "टॉर्चवाल्याला" असं लिहिलंय.

आता ऐका. वाचायचं ठरवलंत तर रात्री वाचायचं नाही, दोघांनी मिळून दिवसा वाचायचं. आई, बीपीची गोळी सकाळचीच आहे, "बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. बाबा, मोतीबिंदूची तारीख आता पुढे ढकलायची नाही. मी त्या आठवड्यात रजा टाकली आहे, येतेच आहे. प्रकाशनाला यायलाच हवं असं नाही, पण आलात तर गाडी दारापर्यंत येईल, पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत, आणि कुणी काही विचारलं तर मी उत्तर देईन.

पत्र वाचून झालं की फोन करा. आणि आई, या वेळी बाबांनाही माझ्याशी बोलू दे.

तुमची,
धाकटी