बाटलीत नेमके काय आहे, हे विचारणारे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत येऊ घातलेल्या तंत्रज्ञानांवर जो लेख आला, त्यात भविष्याविषयी लिहिणारे लेखक म्हणजे एक तर स्वप्ने विकणारे, नाही तर भीती विकणारे, असा शेरा ओघात येऊन गेला आहे. मी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर तासगाव तालुक्यात वडिलोपार्जित अडीच एकर द्राक्षबाग सांभाळतो. या दोन्ही नात्यांनी मला तो शेरा अपुरा वाटला, कारण या दोहोंत न बसणारे लेखकही आहेत आणि त्यांचे काम सहसा नजरेत भरत नाही.

क्रिस्टीन पीटरसन यांचेच उदाहरण घ्या. अमेरिकेतील एमआयटी या नामवंत तंत्रशिक्षण संस्थेतून रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या या लेखिकेने 1986 मध्ये अभियंते एरिक ड्रेक्सलर यांच्यासह येणाऱ्या तंत्रज्ञानाचा विचार करणारी 'फोरसाइट इन्स्टिट्यूट' ही संस्था स्थापन केली. रेणूला रेणू जोडून हवी ती वस्तू घडवणारी यंत्रे एक दिवस येतील, अशी ड्रेक्सलर यांची मांडणी होती; अतिसूक्ष्म पातळीवरच्या या तंत्राला ते नॅनोतंत्रज्ञान म्हणत. आणि अशी यंत्रे स्वतःच्याच प्रती काढत सुटली तर सारी जीवसृष्टी फस्त करतील, ही धास्तीही त्याच वर्षी त्यांच्याच पुस्तकातून लोकांपुढे आली. पीटरसन या तंत्रज्ञानाच्या विरोधक मुळीच नव्हत्या. त्यांना ते हवे होते, आणि हवे होते म्हणूनच ते अवतरण्याआधी त्याच्या धोक्यांची चर्चा व्हावी, असा त्यांचा आग्रह राहिला. 1999 मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे संस्थेने भरवलेल्या कार्यशाळेतून जी मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांत मोकळ्या नैसर्गिक वातावरणात स्वतःची प्रत काढू शकेल असे यंत्र कोणी बनवू नये, असे स्पष्ट कलम आहे. एप्रिल 2003 मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या विज्ञान समितीपुढे नॅनोतंत्रज्ञानाच्या सामाजिक परिणामांविषयी त्यांची साक्ष झाली, आणि त्या वर्षअखेरीस झालेल्या कायद्यात संशोधनाच्या निधीबरोबर नैतिक व पर्यावरणीय परिणामांच्या अभ्यासाचीही तरतूद झाली.

ड्रेक्सलर आणि पीटरसन यांचे सगळे खरे ठरले, असे मात्र नाही. नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड स्मॉली यांनी अशी यंत्रे होणेच शक्य नाही, असे हिरिरीने मांडले होते आणि आजतागायत ती झालेली नाहीत. शिक्षक म्हणून माझा स्वतःचा कल स्मॉली यांच्याकडेच आहे. परंतु भाकीत चुकले म्हणून त्या भाकितापायी लागलेली विचारण्याची सवय वाया गेली, असे मला वाटत नाही.

पीटरसन बाईंचा एक शब्द आपण सारे वापरतो, तो म्हणजे 'ओपन सोर्स'. जिची मूळ संहिता कोणीही पाहू व बदलू शकतो, अशा संगणकप्रणालीला पूर्वी इंग्रजीत 'फ्री' म्हणत आणि नवख्या माणसाला ती फुकट आहे, एवढेच कळे. (मराठीत 'मुक्त' आणि 'फुकट' असे दोन स्वच्छ शब्द असल्याने आपल्याला ही अडचण पडली नसती.) फेब्रुवारी 1998 मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या एका बैठकीला त्या नवा शब्द मनात घेऊनच गेल्या होत्या, पण तो त्यांनी पुढे रेटला नाही. एका सहकाऱ्याने बोलता बोलता तो वापरला, इतरांच्याही तोंडी बसला, आणि त्याच्या जन्माची हकिगत पीटरसन यांनी सविस्तर प्रसिद्ध केली ती वीस वर्षांनंतर.

हे सारे तासगावला कशाला, असे कोणी विचारील. 2010 चा द्राक्ष हंगाम ज्यांनी पाहिला, ते विचारणार नाहीत. उन्हाळ्यातील खरड छाटणीनंतर वेलीची फाजील वाढ रोखून काडीत घड तयार व्हावेत म्हणून आपण क्लोरमेक्वाट क्लोराईड सर्रास वापरत होतो. त्याचा अंश महिनोन्‌महिने वेलीत राहून मण्यांत उतरतो, हे आपल्याकडे कोणी तपासले नाही. ते युरोपात तपासले गेले, तेव्हा माल बंदरात पोहोचलेला होता. तो नाकारला गेला आणि नाशिकपासून सांगलीपर्यंतचे बागायतदार त्या वर्षी कर्जात गेले. औषध घेताना एक प्रश्न आधी विचारला गेला असता, तर तो किती स्वस्तात पडला असता!

तरीही तो प्रश्न विचारण्याची रीत आपल्याकडे रुळलेली नाही. गेल्या छाटणीच्या वेळी एका शेती-औषधांच्या दुकानात मला एक लहानशी बाटली दाखवण्यात आली. लेबलावर ठसठशीत अक्षरांत 'नॅनो' एवढेच वाचता येत होते, बाकीचा मजकूर भिंगानेही लागेना. आत कोणता घटक आहे, कणांचा आकार किती, फवारणीनंतर तोडणीपर्यंत किती दिवस जाऊ द्यायचे, असे मी विचारले, तेव्हा काउंटरवरचा मुलगा अगदी आदराने म्हणाला, "सर, नॅनो आहे ते, दिसतच नाही." त्या मुलाचा दोष नाही, त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. 2021 पासून द्रवरूप नॅनो युरिया बाजारात आहे आणि अर्ध्या लिटरची बाटली 45 किलोच्या गोणीचे काम करते, असा त्याचा प्रचार झाला. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनो-कृषी निविष्ठांच्या (म्हणजे खते, औषधे यांच्या) मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे 2020 मध्येच काढली आहेत. परंतु ती सोप्या मराठीत, दुकानाच्या भिंतीवर, माझ्या तरी पाहण्यात आलेली नाहीत.

आमच्याकडे अशी शंका काढणाऱ्याला लगेच 'नव्याला विरोध करणारा म्हातारा' ठरवले जाते. माझ्या बागेत ठिबक आहे, हवामानाचे यंत्र आहे, आणि पुढच्या हंगामात शेजाऱ्यांबरोबर ड्रोन भाड्याने घेण्याचा विचारही चालू आहे. मला नवे हवे आहे, म्हणूनच मी विचारतो.

आपल्या कृषी पानावर दर छाटणीपूर्वी बाजारात आलेल्या नव्या औषधांची माहिती येते, ती बहुतेक वेळा त्यांच्या गुणांचीच असते. त्याच चौकटीत, त्याच आकाराच्या अक्षरांत, प्रत्येकाचा घटक, फवारणीनंतर तोडणीपर्यंत जाऊ द्यायचे दिवस आणि त्याची तपासणी कोठे झाली, एवढ्या तीन ओळी छापाव्यात, अशी आपणास विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व द्राक्ष बागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली