पेटीमास्तर, तुमचे डोळे चांगले आहेत हे मला कळलंय

पेटीमास्तर, सादर नमस्कार.

सव्वीस जानेवारीचं नाटक होऊन गेलं, पण तुमचा विषय निघाला की अजून माझा गळा भरून येतो. समोर उभी राहून बोलता यायचं नाही, म्हणून लिहिते आहे. अन् चारचौघांनीही वाचावं, म्हणून उघड लिहिते आहे.

धान निघाला की आम्ही नवरा-बायको मिरची तोडायला तेलंगणात जातो. पोरगा सोबत यायचा. इकडे शाळा सुरू अन् हा मिरचीच्या वावरात. सहावीत गेला तरी जोडाक्षर आलं की अडकायचा. पोरं हसायची, मग हा पुस्तकच उघडायचा नाही.

आधी त्याला तालुक्याच्या एका शाळेत घातलं होतं. तिथं गॅदरिंग मोठं व्हायचं, भाड्याचे ड्रेस, लायटिंग, सगळं. ज्याच्या घरून ड्रेसचे पैसे आले ते लेकरू स्टेजवर. माझ्या पोराला खुर्च्या लावायला ठेवलं. मी विचारायला गेले तर त्याच्यादेखत उत्तर मिळालं, "याला धड वाचता येत नाही, नाटकात काय करणार?" ते वाक्य माझ्या पोरानं ऐकलं. त्या लोकांना आज ते आठवतही नसेल.

गावच्या शाळेत परत आणलं, पण इथं कलेचा शिक्षक नाही. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, म्हणून माहीत आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट 100 च्या वर असेल तर कलेसाठी अर्धवेळ शिक्षक आहे. आमच्या गावात तेवढी लेकरंच नाहीत. मग लहान गावच्या लेकरांनी काय नुसते पाढेच म्हणायचे? अन् हे कुठं, तर आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकवेड्या झाडीपट्टीत! मंडईची जत्रा असो की बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, रात्रभर नाटक पाहून सकाळी कामाला जाणारी आपली माणसं. 2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांची छाती फुगली. पण शाळेत नाटकासाठी एक तास मागितला की तीच माणसं म्हणतात, अभ्यास बुडेल.

तुम्ही उभं आयुष्य वडशाच्या नाटक कंपन्यांत पेटी वाजवली, विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं. दिवाळीनंतर स्वतःहून शाळेत आलात, एक पैसा न घेता. आटलेल्या बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्यावर, लेकरांकडूनच नाटक रचून घेतलं. गावातली म्हातारी माणसं काय बोलतात, पाटाच्या पाण्यावरून कोण कसं भांडतं, हे त्यांनीच आठवून सांगितलं अन् तुम्ही लिहून घेतलं.

मग तुम्ही माझ्या पोराला प्रॉम्प्टर केलं. मला वाटलं, झालं, आता साऱ्या गावापुढं फजिती. ज्याला स्वतःचं वाचता येत नाही तो दुसऱ्यांचं काय सांगणार? पण तुम्ही आख्खं नाटक नव्या वहीत उतरवून आणलं. एकेक अक्षर बोराएवढं, दोन शब्दांत बोटभर जागा, जोडाक्षरं सुटी सुटी करून. बाकीची पोरं वही पाहून हसायच्या आत तुम्हीच मोठ्यानं बोललात, "माजे डोरे गेले बाबू, बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून असं लिवलो. तू वाच, मी आयकतो."

त्या दिवसापासून तो तुमच्यासाठी वाचायला लागला. कमीपणा वाटायचं कारणच उरलं नाही. उलट मास्तरांना दिसत नाही, आपल्यालाच वाचलं पाहिजे, असं म्हणत घरी दिव्याखाली बसून वाक्यं घोकायचा. नाटकाच्या दिवशी पाटलाचं काम करणारा पोरगा मधेच अडकला, तेव्हा विंगेतून माझ्या लेकराचा आवाज आला. पहिले दोनच शब्द, हळू, पण स्वच्छ. नाटक पुढं सरकलं. लोकांना कळलंही नाही. मला कळलं.

पुढं एकदा तुम्ही वडशाच्या बसस्टँडवर दिसलात. चष्मा लावून पेपरातल्या बारीक बारीक जाहिराती भराभर वाचत होता. तालमीला तो चष्मा कायम खिशात असायचा, हे तेव्हा ध्यानात आलं. मी तशीच मागं फिरले. रडू आलं हो.

मास्तर, शिकलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. मदत करतात अन् केल्याचं सांगतात. दुसऱ्याच्या लेकराची लाज झाकायला स्वतःला आंधळं म्हणवून घेणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. असा चांगुलपणा कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळत नाही. आमच्या शाळेला तो फुकट मिळाला, अन् त्याची साधी नोंदसुद्धा कुठं नाही.

म्हणून समितीच्या येत्या बैठकीत मी मागणी ठेवणार आहे. आठवड्यातून दोन तास नाटकाचे, वेळापत्रकात लिहिलेले, अन् तुम्हाला मानधन. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही कला अन् अभ्यास वेगळे मानू नका असंच लिहिलं आहे, ते पान मी सोबत नेणार आहे. कोणी अभ्यास बुडतो म्हणालं तर पोराला तिथंच वाचायला उभं करीन. तुम्ही फक्त या, मानधनाला नाही म्हणू नका. अन् पोराला यंदा मिरचीला नेणार नाही, तो आजीजवळ राहणार आहे.

तुमची,
प्रॉम्प्टरची आई