अण्णाच्या समाधीचा दगड घडविणाऱ्या मिस्त्रींना

आदरणीय मिस्त्री यांस,
सविनय नमस्कार.

कामाचे कौतुक तोंडावर केले की आपण छिन्नीला धार लावायला बसता, म्हणून हे लिहून कळवीत आहे. आणि उघडपणे लिहीत आहे, कारण आपण जे केले ते सोलापुरातल्या चार जाणत्या माणसांच्याही कानावर जावे अशी माझी इच्छा आहे.

माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, १९९९ च्या जूनमध्ये द्रासच्या डोंगरात कामी आला, तेव्हा त्याचे वय २३ होते. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत बहुतेक जवानांचे अंत्यसंस्कार तिकडेच उरकले जात. कारगिलच्या वेळी मात्र पार्थिव घरी पाठविण्यात आले, म्हणूनच अक्कलकोट तालुक्यातल्या आमच्या शेतात, बांधावरच्या लिंबाखाली, आम्हाला आमच्या हाताने त्याला माती देता आली. आम्हा लिंगायतांत देह बसवून समाधी देतात. पेटी उघडू नये अशी सूचना असल्यामुळे ते शक्य नव्हते, आणि भावकीत त्यावरून कुजबूज सुरू झाली होती. पण स्वामींनी पेटीवरच विभूती लावली, बेलपत्र वाहिले आणि "जसा आला आहे तसाच ठेवा" एवढेच म्हणून तो विषय संपविला.

वडिलांनी त्या घाईत जो दगड मिळाला तो बसविला. तो शहाबादी होता. आपल्याकडे घरोघरी हीच फरशी असते, पण हा थराथरांचा चुनखडीचा दगड उघड्यावर उन्हापावसात राहिला की त्याचे पापुद्रे सुटू लागतात, हे आपणच आम्हाला नंतर समजावून सांगितलेत. अण्णाचे नाव असेच हळूहळू झडले आणि शेवटी आडनाव तेवढे उरले.

या काळात आमच्या दारी कोणी आले नाही असे मी म्हणणार नाही. २६ जुलैचा कारगिल विजय दिवस जवळ आला की शाल, श्रीफळ आणि छायाचित्रकार यांची आठवण सर्वांनाच होत असे. एका पुढाऱ्यांनी भाषणात स्मारकाची घोषणा केली, तेव्हा अण्णाचे नाव त्यांनी शेजारच्या कार्यकर्त्याला विचारून घेतले होते. एका कार्यालयाने समाधी खासगी शेतात असल्याचे कारण सांगून आमचा अर्ज बाजूला ठेवला. एका दुकानदाराने चकचकीत ग्रॅनाइटवर बंदूक, तिरंगा आणि अण्णाशी काडीचेही साम्य नसलेला एक चेहरा काढून दाखविला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले, तेव्हापासून आपले शहर हुतात्म्यांचे म्हणून ओळखले जाते; येथे हार घालायला माणसांची वाण कधीच पडत नाही, वाळलेला हार उतरवायला मात्र कोणी सापडत नाही.

आपण आलात ते कोणत्याही समारंभाविना. जुना दगड पाहिलात, हाताने चाचपलात, आणि "हा वाचणार कोण?" असे विचारलेत. इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हाला कोणीच विचारला नव्हता. वाचणारी अव्वा, म्हणजे आमची आई आहे, आणि काचबिंदूमुळे तिला आता उजेड-अंधारापलीकडे फारसे काही कळत नाही, हे मी सांगितले. अव्वा शाळेत गेलेली नाही. अण्णाच्या आंतर्देशीय पत्रांमागे '५६ एपीओ' या लष्करी टपालाच्या पत्त्यावर त्याचे नाव असे, ते पाहून पाहून तेवढीच अक्षरे तिला ओळखू येऊ लागली होती. आपण यावर काही बोलला नाहीत. काळ्या पाषाणावर पहिले अक्षर कोरून झाल्यावर मात्र आपण तिला बोलावून घेतलेत, खाचेतली भुकटी फुंकून काढलीत, आपल्या खांद्यावरच्या गमछाने तो भाग पुसलात आणि तिचे बोट धरून त्या अक्षरावरून फिरविलेत. "वेलांटी लागंना झाली," असे ती म्हणाली. आपण ती पुन्हा खोल केलीत. मग पुढचे प्रत्येक अक्षर तिच्या बोटाने तपासूनच पुढे गेलात, आणि एका दिवसाचे काम लांबले तरी आपल्या चेहऱ्यावर आठी दिसली नाही.

त्या युद्धात सरकारी आकड्यानुसार आपले ५२७ जवान गेले. तोलोलिंगच्या पायथ्याशी द्रासच्या स्मारकात नावे कोरलेली आहेत, आणि ती योग्य जागी आहेत. परंतु त्या उंचीवर अव्वा जाऊ शकणार नाही, गेली तरी पाहू शकणार नाही. तिचे स्मारक आमच्या बांधावरच असायला हवे होते आणि ते आपण तिच्या हाताला लागेल असे केलेत.

आणखी एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. आपण मजुरी पूर्ण घेतलीत. हे मला फार आवडले. 'शहिदाचे काम आहे, एक पैसाही घेणार नाही' असे म्हणणारे आम्हाला पुष्कळ भेटले आणि त्यांपैकी कोणीही परत फिरकले नाही. आपण आधी दर सांगितलात, तो वाजवी होता, आणि त्या दरात जे बसत नव्हते तेही केलेत. चांगुलपणा म्हणजे काहीतरी फुकट देणे, अशी समजूत आपल्याकडे उगाचच रुजली आहे. माझ्या मते आपले काम नीट करणे आणि ते कोणासाठी चालले आहे हे न विसरणे यातच तो अधिक असतो, आणि अशी माणसे गावोगावी असूनही व्यासपीठावर त्यांना कोणी बोलावीत नाही.

अव्वाने निरोप सांगितला आहे की जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास शेतातली ज्वारी हुरड्यावर येईल, तेव्हा आपण मंडळींसह यावे. शेंगाचटणी ती स्वतः कुटणार आहे. समाधीच्या कट्ट्याचा एक कोपरा उंदरांनी पोखरला आहे, तोही त्या वेळी पाहून घ्यावा. त्याची मजुरी वेगळी ठरवू.

आपली कृतज्ञ,
अण्णाची धाकटी बहीण