सहीचा कागद टीव्हीखाली आहे: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,
स.न.वि.वि.

मी कराड तालुक्यातल्या एका गावात ब्लाउज शिवते. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. जमेलसं वाटत नाही.

ज्या टेम्पोच्या अपघातात माझा पाय मोडला, त्याच्या विमा कंपनीचा माणूस गेल्या गुरुवारी घरी आला. वागायला चांगला होता. चहा घेतला, पायाची चौकशी केली आणि एक कागद पुढे सरकवला. "ताई, अडीच लाख. चूक तुमची का टेम्पोवाल्याची, कुणी विचारणार नाही. सही करा, महिन्याभरात खात्यात." मी पेन हातात घेतलंही होतं. भाची कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिने कागद ओढून घेतला. हे पैसे घेतले की कोर्टातला माझा दावा आपोआप संपतो, म्हणाली. तसं कायद्यातच लिहून ठेवलंय.

कायदा तुमच्याच खात्याचा. मोटार वाहन कायदा, 2019 ची दुरुस्ती, कलम 164. 1 एप्रिल 2022 पासून लागू. मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, चूक सिद्ध करायची गरज नाही. ऐकायला गोड आहे. पण करंगळीचं हाड मोडलं तरी ती कायद्याने गंभीर दुखापतच, आणि मानेखाली लुळा पडला तरी गंभीर दुखापतच. दोघांना तेवढेच अडीच लाख. हा हिशेब कुणी केला त्याला एकदा भेटायची इच्छा आहे.

आधी कलम 140 होतं. रक्कम फुटकळ: मृत्यूला 50 हजार, कायमच्या अपंगत्वाला 25 हजार. पण ते पैसे तातडीचे म्हणून मिळायचे आणि उरलेल्यासाठी भांडायची वाट मोकळी राहायची. शेवटी जे मंजूर होईल त्यातून तेवढे वजा, बस. तुम्ही रक्कम दहापट केलीत आणि मागचं दार लावून घेतलंत.

आता माझी चूक. लपवत नाही. गौरी आणायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शिवलेले अकरा ब्लाउज द्यायला स्कूटीवरून निघाले होते. सेवा रस्त्यावर शंभर-दीडशे पावलं उलट्या बाजूने आले, कारण सरळ यायचं तर पुलाखालून वळसा दोन किलोमीटरचा पडतो. गावातलं सगळं जग तिथून उलटंच येतं. टेम्पो भरधाव होता, दिवा एकच चालू होता. पण उलटी मी होते. म्हणून तर तो विमावाला जाता जाता म्हणाला, "कोर्टात गेलात तर निम्मी चूक तुमच्यावर काढतील, वर वर्षं किती जातील ते बघा." बोलला ते अगदी गोड आवाजात.

उजवी नडगी दोन ठिकाणी मोडली. आत रॉड आहे, एका जखमेतून अजून पाणी येतं. आजवर चार लाख सदतीस हजार गेले. पाटल्या पतसंस्थेत तारण आहेत. लोक सांगतात मशीनला मोटर बसवा. साहेब, मोटरचा पेडलही पायानेच दाबायचा असतो. डाव्या पायाने करून बघितलं. दोन ब्लाउजांच्या बाह्या उलट्या लागल्या, कापडाचे पैसे मीच भरून दिले. रात्री कुशीवर वळायचं म्हटलं तरी नवऱ्याला उठवावं लागतं. तो सहाच्या पाळीला जातो. तो काही बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं.

आणि ती कॅशलेसची योजना! मे 2025 मध्ये निघाली, तीही सुप्रीम कोर्टाने कान उपटल्यावर. अपघातानंतर सात दिवस, दीड लाखापर्यंत मोफत उपचार. मी पडले ती त्यानंतर. रुग्णालयाच्या काउंटरवरची मुलगी भावाला म्हणाली, "आमच्या सिस्टीमला असं काही दिसत नाही, आधी पन्नास हजार डिपॉझिट भरा." योजनेच्या यादीतलं रुग्णालय कुठलं, हे रक्त वाहत असताना कुणाला विचारायचं? टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापायला तुमच्या सिस्टीमला एक सेकंद लागत नाही.

दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत घातलीत. 1994 मध्ये हीच मुदत काढून टाकली होती, तुम्ही परत आणलीत. त्यातले चार महिने मी खाटेवर होते. धावपळ करून दावा लावला, तर वकील म्हणे उत्पन्नाचा पुरावा आणा. माझा पुरावा म्हणजे वही, आणि कापडाला टाचणीने लावलेल्या मापाच्या चिठ्ठ्या: छाती 36, बाही 9, गळा मागून खोल. यातून माझं पंधरा वर्षांचं उत्पन्न काढून दाखवा.

2023 मध्ये देशात रस्त्यांवर 1 लाख 72 हजारांहून जास्त माणसं मेली, आकडा सरकारचाच. माझ्यासारखी मोडून राहिलेली किती, ते तुम्हालाच ठाऊक. भाची म्हणते अर्ध्याहून जास्त गाड्यांना विमाच नाही. खरंखोटं तुम्ही तपासा, तुमच्याकडे संगणक आहेत. मी मात्र स्कूटीचा थर्ड पार्टी कधी चुकवला नाही, वर 18 टक्के जीएसटी भरला. टेम्पोवाला पळून गेला असता आणि सापडलाच नसता, तर सरकारी योजनेतून मला 50 हजारच मिळाले असते. तो थांबला, पाणी पाजलं, म्हणून दोन लाखांनी माझा फायदा झाला म्हणायचा. पुलाच्या उद्घाटनाला फीत कापायला दहा जण येतात, पण सेवा रस्त्याला वळण कुठे द्यायचं हे ठरवायला एकही साहेब पायी आलेला आम्ही पाहिला नाही. निविदा, टक्केवारी, पुन्हा निविदा. पूल आधी होतो, मग कळतं की खाली गावही आहे.

मागणं एवढंच: अडीच लाख द्या, पण आधीसारखे उचल म्हणून द्या. उरलेल्याचं कोर्ट ठरवील, माझी चूक धरून ठरवील, कबूल आहे. आणि ती सहा महिन्यांची अट काढा.

पुढची तारीख सतराला आहे. अपघाताचे दावे चालतात ते दालन दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मागच्या खेपेला माझ्यापुढे एक माणूस बसून, एकेक पायरी मागे सरकत चढत होता. काखेतली फाइल त्याने दातात धरली होती.

कागद अजून टीव्हीखाली आहे. सही केलेली नाही. पतसंस्थेचा हप्ता दहा तारखेला असतो.

आपली,
एक शिवणवाली, ता. कराड, जि. सातारा